आराखड्यातलं मंगल कार्यालय

आमच्या घराण्यात दानत कमी आणि फोटोची हौस जास्त. माझ्या वाट्याला दानत आलीच नाही, त्यामुळे हौसेला घर मोकळं मिळालं. शहराचा नवा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार होत होता, तेव्हा त्यात आमच्या हॉलचं नाव घुसवलं ते मी. कसं घुसवलं ते मी चारचौघांत पुष्कळदा रंगवून सांगितलंय आणि लोक पोट धरून हसलेत. पुढचा भाग आला की मात्र कुणाला तरी चहाची आठवण होते.

थेरगावात जिथे आमची शेतं होती तिथे आता इमारती आहेत. उरलेल्या तुकड्यावर दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, मंगल कार्यालय बांधलं. पुढे लॉन, मधे हॉल, मागे आचाऱ्यांची शेड. दादा ते चालवतो. मी तिथे असतो. या दोन वाक्यांत आम्हा भावांचा सगळा फरक आला. मागच्या भिंतीला लागून भाड्याच्या खोल्यांची रांग आहे. कोण जालन्याचं, कोण बीडचं, कोण नांदेडचं. पुरुष चाकणला शिफ्टला, बायका सोसायट्यांमध्ये कामाला. खोल्यांच्या पलीकडे भंगाराची गोदामं आणि मग नदी.

आराखडा मंजूर होण्याआधी नागरिकांच्या सूचना ऐकायला एक बैठक ठेवली होती. मी गेलो, कारण तिथे फोटोग्राफर येणार असं कळलं होतं. जुन्या आराखड्यात आमच्या भागाला निवारा म्हणून जी शाळा होती, ती पाडून नवीन बांधायला घेतली होती. आपत्तीचं काम बघणाऱ्या मॅडमनी विचारलं, "तोवर या भागासाठी दुसरी कुठली मोठी जागा आहे का?"

सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले. मी उठलो. "मॅडम, आमचं मंगल कार्यालय घ्या. शहरासाठी एवढं तर केलंच पाहिजे."

आता यातली मेख सांगतो. पूर येतो तो धरणातून पाणी सोडल्यावर, आषाढ-श्रावणात. देव आषाढीला झोपतो तो कार्तिकीला उठतो आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं लागत नाहीत. तेवढे दिवस आमच्या हॉलमध्ये कबुतरं राहतात. म्हणजे देव झोपलेला, हॉल झोपलेला आणि पुण्य तेवढं माझ्या खात्यावर जागं. एवढी स्वस्त देणगी आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचली नव्हती.

टाळ्या झाल्या. लगेच शाल आली, नारळ आला. मॅडम पुढे काहीतरी समजावून सांगत होत्या. नवा आराखडा फक्त पुराचा नाही, आग, वायुगळती, इमारत पडणं, सगळ्यासाठी आहे, बाराही महिने लागू आहे, असं काहीतरी. मी फोटोग्राफरला सांगत होतो की डावीकडून घे, उजवीकडून माझ्या हनुवट्या दोन दिसतात.

घरी दादा जेवत होता. "इचारलं व्हतंस का मला?"

"दादा, पावसाळ्यात रिकामाच असतोय हॉल."

दादाने भाकरी मोडली, कालवणात बुडवली, विचार केला. "मग बरं. फरशी मातर त्यांनी पुसून द्यायची."

यथावकाश आराखडा मंजूर झाला आणि मला स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट मिळालं. लोकांना माहिती द्यायची म्हणून मी हातात भोंगा घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडलो. खरं तर भोंग्याची गरज नव्हती, खोल्या एवढ्या जवळ आहेत की एकीत शिंकलं तर चौथीत "जियो" म्हणतात. पण जाकीट घातल्यावर हळू बोलवत नाही.

शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यावर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल, दिसायला साठीचा. बरीच वर्षं फाउंड्रीत ओतकामाला होता, रेतीची धूळ छातीत बसली होती. काम सुटलं, धूळ राहिली. दोन शब्द बोलला की तिसऱ्याला थांबायचा. त्याची बायको नळावर भांडी घासत होती.

मी भोंगा तोंडाला लावून सांगितलं, "काही झालं, पूर येवो, आग लागो, सरळ मागच्या गेटने आमच्या हॉलवर यायचं. काळजी करायची नाही."

त्याने विचारलं, "गेट... उघडं असन ना, शेठ?"

"गेट बंद दिसलं तर माझी मान कापा."

बायकोने नळ बंद केला. "मान घेऊन काय करू शेठ? चावी द्या कुणाजवळ तरी."

सगळी रांग हसली. मीही हसलो. चावी दिली नाही.

वैशाखात पुतणीचं, म्हणजे दादाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न निघालं. आपलाच हॉल, आपलंच सगळं. नवरदेव राजगुरुनगरचा. त्याच्याकडची मंडळी गावाच्या जुन्या नावाने स्वतःला खेडची म्हणवतात आणि मानपानात एक विडा कमी पडला तर तो पुढच्या पिढीला सांगतात. मी भगवा फेटा बांधून सकाळपासून इकडून तिकडे धावत होतो. काम काहीच नव्हतं. लग्नात मामाला काम असतं, काकाला नुसता फेटा असतो.

आमच्याकडच्या लग्नात मुहूर्त पत्रिकेत असतो. प्रत्यक्षात लग्न लागतं ते सत्कार संपल्यावर. निवेदक माइक घेऊन उभा राहतो आणि एकेका मान्यवराचं नाव पुकारतो. मान्यवर येतो, गुच्छ घेतो, शुभाशीर्वाद म्हणून दोन शब्द बोलतो आणि ते दोन शब्द संपता संपत नाहीत. नवरी आत घामाने भिजते, नवरदेव घोड्यावरून उतरून पुन्हा चढतो. त्या दिवशीही मुहूर्त केव्हाच टळला होता. पुढच्या रस्त्यावर नवरदेवाचे मित्र डीजेपुढे नाचत होते आणि पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी अशा लागल्या होत्या की मधून मांजर गेलं असतं तर अंग चोरून.

तेवढ्यात मागच्या बाजूला धूर दिसला. आधी वाटलं, खेडकरांनी फटाके आणले असतील. पण धूर काळा होता, जाड होता आणि त्याला जळक्या रबराचा वास होता. भंगाराच्या गोदामाला आग लागली होती आणि वारा खोल्यांकडे होता.

मॅडमचा फोन आला. "खोल्या रिकाम्या करतोय. लोक तुमच्याकडे येतील. हॉल उघडा आहे ना?"

"उघडाच आहे, मॅडम," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. एवढा उघडा तो वर्षात कधी नसतो.

मागच्या गेटशी गेलो तेव्हा माणसं आली होती. पोरं कडेवर, सिलिंडर खांद्यावर, एकाच्या हातात नुसता टीव्ही. गेटला आतून कुलूप होतं, कारण खोल्यांतली पोरं पंगतीत घुसतात म्हणून मीच सकाळी ते लावलं होतं. मी दादाला बोलावलं. दादा आला, गर्दी बघितली, धूर बघितला. दादा काही राक्षस नाही. म्हणाला, "शेडमधी बसीव समद्यांना. पाणी दे. अक्षता पडल्या की वाढ त्यांना बी."

कुलूप निघालं. लोक आत यायला लागले. सगळ्यात शेवटी फाउंड्रीवाला आला, बायको आणि एक शेजारी यांच्या खांद्यांवर हात टाकून. पाय जमिनीवर ओढत होते. ओठ जांभळे पडले होते आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती.

दादाने गेटचं दार हाताने धरलं. मला बाजूला घेतलं. "ह्याला न्हाई."

"दादा, तो तर सगळ्यात जास्त..."

"म्हनूनच न्हाई. हितं गेला तर? मंगल कार्यालय हाय हे. आपण तेराव्याला हॉल देत न्हाई, वर्षश्राद्धाला देत न्हाई, आन् लग्नाच्या दिवशी आत मढं? येकदा माणूस गेला की कोण पत्रिकंवर नाव छापंल आपलं? आन् पोरगी बोहल्यावर उभी राह्यची हाय माझी." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तूच सांग त्यांना. तूच बोलावलंस."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी शहराला काय दान दिलं होतं. ज्या जागेत कुणी मरता कामा नये अशी जागा मी मरणाऱ्यांसाठी दिली होती. एवढा साधा विचार बैठकीत कुणाच्या डोक्यात आला नाही, कारण बाकीचे मोबाइलमध्ये होते आणि मी शालीत.

मी बाहेर गेलो. फेटा सारखा केला. तिला म्हणालो, "वहिनी, आत लई गर्दी हाय. यांना घुसमटल्यासारखं होईल. इथंच सावलीत बसवा."

तिने वर बघितलं. वैशाखातली दुपार. भिंतीची सावली भिंतीनेच खाल्ली होती. "सावली कुठंय, शेठ?"

मी हुशार माणूस आहे. मला लगेच युक्ती सुचली. हॉलच्या बाजूला नवरीची गाडी सजवून उभी होती. झेंडूच्या माळा, बॉनेटवर गुलाबांचा बदाम, आत गारेगार एसी. चावी माझ्याच खिशात. गाडी हॉलमध्ये नाही, म्हणजे दादाचा शब्द मोडत नाही. मी त्याला मागच्या सीटवर बसवलं, काचा बंद केल्या, एसी मोठा केला. बायको पुढच्या सीटवरून मागे वळून त्याची छाती चोळत बसली. हळूहळू शिट्टी बारीक झाली. त्याने डोळे उघडले, सीटवरच्या गजऱ्याकडे बघितलं आणि मला म्हणाला, "आमच्या लग्नात... बैलगाडी व्हती."

बायको म्हणाली, "बोलू नका."

मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं की मी मोबाइल काढला. फोटो काढणार होतो. खरंच काढणार होतो.

तेवढ्यात नवरदेवाचे मामा आले, गाडीत मानाची ओटी ठेवायला. दार उघडलं आणि ओटी हातात तशीच राहिली. "हे काय आहे?"

"आराखड्याप्रमाणे," मी म्हणालो, "निवाऱ्याची सोय."

"नवरीच्या गाडीत मढं बसवलंय?"

"जिवंत आहे अजून."

यापेक्षा वाईट उत्तर मला आयुष्यात सुचलेलं नाही. मामांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "पाव्हणं, ही गाडी आमच्या दारात येणार आहे. तुमच्या दादांना विचारू, का तुम्हीच बघताय?"

मी बघितलं. मी आणि शेजाऱ्याने त्याला उतरवलं आणि हॉलच्या एका खुर्चीवर बसवलं, उन्हात. मामांनी दार उघडं ठेवलं, वास जावा म्हणून. गारवा सगळा बाहेर गेला आणि शिट्टी परत सुरू झाली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स कधीची डांगे चौकातून वळून आलीय, तुमच्या रस्त्यात अडकलीय. लग्नाच्या गाड्या काढा आधी. माइक असेल ना तुमच्याकडे? आत्ता सांगा."

माइक होता. मी बायकोला म्हणालो, "आलोच. दोन मिनिटांत रस्ता मोकळा करतो."

"जावा शेठ," ती म्हणाली. "लवकर जावा."

मी पळत स्टेजवर गेलो. तिथे एक माननीय शुभाशीर्वाद देत होते. मी निवेदकाच्या कानात म्हणालो, "गाड्या हलवायला सांगायचंय." त्याने मान डोलावली आणि बोटाने थांब अशी खूण केली. माननीयांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. भाषणाला मुद्दा कमी पडला असावा.

"आणि इथं नवरीचे काका उभे आहेत," ते म्हणाले. "शहराच्या नव्या आपत्ती आराखड्याला आपलं स्वतःचं कार्यालय देणारा हा माणूस. संकटात ज्याचं दार उघडं, तोच खरा श्रीमंत. काका, पुढं या. दोन शब्द बोला."

टाळ्या पडल्या. कुणीतरी माझ्या हातात गुच्छ दिला. निवेदकाने माझ्या हातात माइक दिला.

लोक विचारतात, अडचण काय होती? काहीच नव्हती. माइक चालू होता. मंडप गप्प होता. गाड्यांचे मालक समोर बसले होते, चाव्या त्यांच्या खिशात होत्या. "बाहेर एक माणूस अत्यवस्थ आहे, रस्त्यातल्या गाड्या काढा" एवढंच म्हणायचं होतं. पहिल्या रांगेत दादा बसला होता. त्याने फक्त मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली. त्याच्या शेजारी मामा ओटीचं ताट मांडीवर घेऊन बसले होते. आणि माझ्याबद्दल इतकं चांगलं नुकतंच बोललं गेलं होतं, राव, त्यावर लगेच असलं काही बोलणं मला बरं दिसेना.

मी म्हणालो, "मी काही केलं नाही. हे तुमचं प्रेम आहे."

पुन्हा टाळ्या पडल्या. फार नेमकं बोललो होतो.

स्टेजवरून उतरलो, मग गाड्यांचं काम चोरून करायला गेलो. एकेका ड्रायव्हरला शोधायचं, हळूच कानात सांगायचं. पहिला सापडला तो जेवायला बसलेला. दुसरा नाचत होता. तिसऱ्याने विचारलं, "कोण आहे पेशंट, आपल्यातला का?" मी म्हणालो नाही, तर तो म्हणाला, "मग येतो, एवढं गाणं होऊ द्या."

परत आलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. खुर्चीही नव्हती. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "गेले की. खुर्चीसकट उचलला दोघांनी. वरातीतून काढत होते. पोरांना वाटलं नवरदेवाचा मित्र हाय, प्यायलाय. त्यांनी बी दोन ठेके धरले खुर्चीभवती."

आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. मी गेलो आणि अक्षता टाकल्या. नीट नेम धरून टाकल्या.

तो ॲम्ब्युलन्सपर्यंत पोचला. हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही. बातमी आली तेव्हा शेडमध्ये पंगत बसली होती. फोन एकाला आला, त्याने शेजारच्याला सांगितलं, असं ते पानापानावरून सरकत गेलं. कुणी उठलं नाही. सकाळपासून उपाशी होते. एक म्हातारी रडत होती आणि जिलबी खात होती. वाढप्याने मला येऊन विचारलं, "यांना दुसऱ्यांदा वाढायचं का?"

दादाला सांगितलं. तो पाहुण्यांना टॉवेल-टोपी देत होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "कुठं गेला?"

"ॲम्ब्युलन्समधी."

"म्हंजे आपल्या हद्दीत न्हाई."

"न्हाई."

"बरं झालं," दादा म्हणाला. मग पुढच्या पाहुण्याला टोपी घालताना थोडा अडखळला. "म्हंजे, बरं न्हाई झालं. पर बरं झालं."

मॅडमनी नंतर विचारलं, निवाऱ्याचं कसं झालं. मी म्हणालो, सगळ्यांची सोय झाली, जेवणासकट. त्यांनी त्या माणसाचं विचारलं. मी म्हणालो, तो निवाऱ्यात नव्हता. त्यांनी फोन ठेवला. शब्दाला शब्द खरं बोलायची ही विद्या माझ्याकडे उपजतच आहे.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याची बायको आली. आमची खुर्ची परत द्यायला. पाठीवर हॉलचं नाव रंगवलेलं होतं, ते तिने पुसून स्वच्छ केलं होतं. म्हणाली, जालन्याला चाललेय, भाऊ न्यायला आलाय, कुणाची वस्तू राहू नये.

मी खुर्ची घेतली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात नेहमीचीच वाक्यं येत होती. म्हणालो, "काही लागलं तर सांगा."

"येक सांगू का, शेठ?"

"बोला ना."

"आतून बघू द्या हॉल. त्यांना लई वाटत व्हतं. तुमी भोंग्यात सांगून गेलता तवापासून म्हनायचे, काय झालं तर आपल्याला तिथं जायचंय, तिथं मोठाले पंखे हायेत."

तिचं सुतक फिटलं होतं. नुकती विधवा झालेली बाई मंगल कार्यालयात घेतलेली दादाला चालली नसती, हे मात्र मला ठाऊक होतं. आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं. दादाची गाडी नव्हती. मग म्हणालो, "या."

हॉल रिकामा होता. ती चपला बाहेर काढून आली आणि बरोबर मधोमध, जिथे बोहलं मांडतात तिथे जाऊन उभी राहिली. वर बघितलं. मी जाऊन बटणं दाबली. आमच्या हॉलचे पंखे मोठे आहेत, सुरू व्हायला वेळ घेतात, पण एकदा फिरले की पदर उडतो. तिचा पदर उडाला, तिने तो धरला नाही. डोळे मिटून तोंड वर करून उभी राहिली.

"लई हवा हाय हितं," ती म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला. दादाचा हॉर्न मी झोपेतही ओळखतो. माझा हात बटणांवरच होता. मी एकामागून एक सगळी बंद केली.

तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि मागच्या दाराने निघून गेली, मी दाखवायच्या आधीच. दादा आत आला तेव्हा पंखे अजून फिरत होते.

"कोन व्हतं रे?"

"कोन न्हाई," मी म्हणालो. "पंखे चालत्यात का बघत व्हतो."